६४० किलोबाइटची वेस

जुन्या घरगुती संगणकावर मेमरी, म्हणजेच स्मृती, अपुरी असल्याचा संदेश उमटला की यंत्रात चिपा कमी आहेत असा अर्थ सहज लावला जाई. परंतु चार मेगाबाइट स्मृती बसवलेल्या यंत्रावरही तोच संदेश येत असे, कारण उणीव बहुतेक वेळा चिपांची नसून पत्त्यांची होती. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आणलेल्या पीसीतील इंटेलच्या ८०८८ या प्रोसेसरला स्मृतीतील जागा दर्शवण्यासाठी २० तारा होत्या, आणि प्रत्येक तारेला शून्य व एक या दोनच स्थिती शक्य असल्याने त्यांतून १०,४८,५७६ पत्ते, अर्थात एक मेगाबाइट, एवढेच निघत.

त्यांपैकी खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रामांना मिळाले आणि वरचे ३८४ किलोबाइट पडद्याची स्मृती, जोडकार्डे व रॉम, म्हणजे वीज गेल्यावरही न पुसली जाणारी स्मृती, यांसाठी राखले गेले. वीज मिळताच ८०८८ आपली पहिली आज्ञा मेगाबाइटच्या अखेरच्या १६ बाइटांच्या आरंभी शोधतो, म्हणून तेथे रॉम असणे भागच होते. प्रोग्रामांची वेस अशा रीतीने संगणक सुरू होण्याच्या क्रियेशीच बांधली गेली. या आखणीला अदूरदर्शी म्हणणे मात्र न्यायाचे नाही, कारण सर्वांत साध्या पीसीत तेव्हा १६ किलोबाइटच स्मृती असे आणि ६४० ही तिची चाळीसपट होती.

पुढे १९८५ च्या ८०३८६ ला चार गिगाबाइटपर्यंतचे पत्ते उमगू लागले, तरी डॉस ही कार्यप्रणाली आणि तिच्यावरील प्रोग्राम ८०८८ च्याच हिशेबाने लिहिलेले असल्याने वेस जागची हलली नाही. माउस, सीडी, ध्वनिकार्ड यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणांशी बोलणारे छोटे प्रोग्राम, संगणक सुरू होतानाच त्या ६४० किलोबाइटांत ठाण मांडत. डॉसच्या १९९१ च्या पाचव्या आवृत्तीपासून कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या आरंभीच्या फायलींत योग्य ओळी लिहून ते राखीव भागातील मोकळ्या पत्त्यांवर हलवता येऊ लागले, त्यासाठी स्मृतीची व्यवस्था पाहणाऱ्या दोन ड्रायव्हरांपैकी हायमेम.सिसची ओळ इएमएम३८६ च्या आधी असावी लागे, शिवाय काही ड्रायव्हरांना बसताना लागणारी जागा बसल्यानंतरच्या जागेहून मोठी असल्याने ओळींचा क्रम बदलताच गणित बदले. इएमएम३८६ ने एखाद्या कार्डाने व्यापलेला पत्ता मोकळा समजून वापरला, तर मात्र यंत्र सुरू होता होताच गोठे, आणि ज्या फायलीत दुरुस्ती करायची तिच्यापर्यंत पोहोचायला वेगळी फ्लॉपी लागे. १९९३ च्या सहाव्या आवृत्तीत आरंभीच एफ-५ कळ दाबून दोन्ही फायली वगळण्याची, तर एफ-८ ने कॉन्फिग.सिसची एकेक ओळ संमती देत पुढे नेण्याची सोय झाली, तेव्हा यंत्र नेमक्या कोणत्या ओळीपाशी अडते हे वापरणाऱ्याला पडद्यावरच दिसू लागले.