रेघ सांगते, गाडी कुठे थांबेल

आज अंगणात थोडी धुळीची जागा बघून बसा आणि हातात एक काडी घ्या. रेडिओवर चित्र दिसत नाही, तेव्हा रेघा तुम्हालाच ओढायच्या आहेत.

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ शिकवतात. त्यात आलेख येतात आणि बऱ्याच पोरी तिथे अडतात. गणितात ‘कण’ असं लिहिलं असलं तरी बिचकू नका. हलणारी वस्तू ठिपक्याएवढी धरायची, एवढाच त्याचा अर्थ. आपण एसटी धरू.

एक आडवी रेघ ओढा, ती वेळेची. तिच्या डाव्या टोकावर एक उभी, ती वेगाची. गाडी एकाच वेगाने चालली असेल तर आलेखाची रेघ सपाट जाते. रेघ चढली की वेग वाढतोय, उतरली की कमी होतोय, तळाला टेकली की गाडी थांबली. पण उभ्या रेघेवर वेगाऐवजी अंतर लिहिलं असेल, तर तीच सपाट रेघ म्हणजे गाडी जागची हललेलीच नाही! म्हणून आधी उभ्या रेघेवर काय लिहिलंय ते वाचायचं.

वेगाच्या आलेखात रेघेखाली जेवढी जागा, तेवढं अंतर गाडीने कापलेलं असतं. समजा, गाडी ताशी 36 किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेक लागला आणि हा आकडा दर सेकंदाला 5 ने उतरला, तर 2 सेकंदांत शून्य. रेघेखाली त्रिकोण झाला: उंची 10, पाया 2. गुणाकार 20, त्याचा निम्मा 10. गाडी 10 मीटरवर थांबली.

तीच गाडी ताशी 72 ने आली, तर उंची 20 आणि पाया 4. गुणाकार 80, निम्मे 40 मीटर. वेग दुप्पट, पण अंतर चौपट! दोन्ही त्रिकोण शेजारी काढा. मोठ्यात लहान चार बसतात.

शिवाय समोर पोर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. तेवढा वेळ रेघ सपाटच राहते. म्हणजे आधी 20 मीटर आणि मग 40, एकूण 60. शाळेपुढे गतिरोधक मागायला ग्रामसभेत उभ्या राहाल, तेव्हा हे दोन त्रिकोण कागदावर काढून न्या.

आता ताशी 54 चा आलेख तुम्ही काढा. सेकंदाला 15 मीटर धरा, ब्रेक तोच. सगळे मिळून साडेसदतीस मीटर आले, तर तुमचा आलेख बरोबर.