स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला?

मैत्रिणींनो, गॅसवर दूध ठेवून आपण कधी झोपायला जातो का? मग विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्री अकराला प्लगला लावून सगळं घर खुशाल कसं झोपतं? आमच्याकडेही हेच चालायचं. बॅटरी मुख्य दाराशी, चपलांच्या शेजारी. “तिथेच प्लग आहे ना!” हे चिरंजीवांचं उत्तर.

सप्टेंबर 2022मध्ये वसईला एका घरात हॉलमध्ये रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली. तिथेच आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. हे चिरंजीवांना वाचून दाखवलं, तेव्हा कुठे बॅटरी दारातून हलली.

या बॅटरीला लिथियम-आयन म्हणतात. मोबाइलमध्ये असते तीच जात, पण स्कूटरच्या डब्यात पुष्कळ सेल एकमेकांना चिकटून बसवलेले असतात. आतला द्रव पेट घेणारा, मधला पडदा अगदी पातळ. बॅटरी आपटली, आत पाणी गेलं किंवा जास्त वीज भरली गेली, की एखादा सेल बिघडून तापतो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. भरल्यावर वीज तोडणारी यंत्रणा आत असते, नाही असं नाही. पण कुकरला व्हॉल्व्ह आहे म्हणून तो गॅसवर ठेवून आपण बाजारात जात नाही!

खरी मेख आहे चार्जरमध्ये. आमच्या शेजारच्या वहिनींनी ॲसिडची जुनी बॅटरी बदलून लिथियमची घेतली, चार्जर मात्र जुनाच ठेवला. पिन बसते ना, मग झालं! आता बघा, दोन्हींवर 48 व्होल्टच लिहिलेलं असलं, तरी 13 सेलांच्या ओळीची लिथियम बॅटरी 54.6 व्होल्टला पूर्ण भरते, आणि ॲसिडच्या बॅटरीचा चार्जर 58च्याही वर जाऊ शकतो. तेव्हा बॅटरीबरोबर आलेलाच चार्जर वापरायचा. स्वस्तातला दुसरा नको.

आता आमची बॅटरी मी संध्याकाळी स्वयंपाकाला लागले की चार्जिंगला लागते. गॅलरीत, सावलीत, उघड्या फरशीवर. गादीवर नाही, वर टॉवेलही नाही. आणि दाराशी तर नाहीच, कारण तीच पेटली तर बाहेर पडायचं कुठून? चिरंजीव उन्हातून आले की बॅटरी आधी तासभर निवू द्यायची, मग प्लग. प्लगही भिंतीतलाच, एक्स्टेन्शनचा नव्हे.

डबा फुगलेला दिसला, थिनरसारखा वास आला किंवा आत फुसफुस ऐकू आली, तर ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. भंगारवाल्यालाही देऊ नका, विक्रेत्याला कळवा. आणि धूरच निघाला, तर बादली शोधत बसू नका, हो! तो धूर विषारी असतो. मुलं, सासूबाई, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जाताना त्या खोलीचं दार ओढून घ्या आणि 101 लावा.

सुटीत गावाला जाताना बॅटरी काठोकाठ भरून ठेवू नका, निम्मी भरलेली असली की जास्त टिकते. चार्जर मात्र प्लगमधून काढा, मगच कुलूप लावा.