तीन ज्योतिषी आणि एक लेखनिक

माझ्या कपाटात एका खणात सडपातळ पुस्तकांची एक रांग आहे. एका बैठकीत वाचून होतील इतकी पानं, साधी बांधणी, किंमत खिशाला परवडेल अशी. 'भारतीय साहित्याचे निर्माते' या मालिकेतली ही पुस्तकं. एका पुस्तकात एक साहित्यिक. कुणी कन्नडमधला, कुणी असमियातला, कुणी आपला. यातलं कुठलंही पुस्तक उघडलं तरी त्यात एका शिल्पाचं तेच चित्र भेटतं. राजा शुद्धोदनाच्या दरबारात तीन ज्योतिषी बसले आहेत आणि मायादेवीला पडलेल्या स्वप्नाचा अर्थ उलगडून सांगत आहेत. त्यांच्या खाली एक लेखनिक बसला आहे. ते बोलतात ते तो टिपून घेतो आहे. नागार्जुनकोंड्याचं हे शिल्प दुसऱ्या शतकातलं. भारतात लेखनकलेचं चित्रण झालेलं बहुधा हे सर्वांत जुनं शिल्प असावं, असं चित्राखाली छापलेलं असतं.

साहित्य अकादमीचं नाव निघालं की आपल्याला आठवतो तो डिसेंबरमधला पुरस्कार. मला मात्र आधी आठवतो तो खाली बसलेला लेखनिक.

स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांत दिल्लीत तीन राष्ट्रीय अकादम्या उभ्या राहिल्या. १९५३मध्ये संगीत नाटक अकादमी आणि १९५४मध्ये साहित्य व ललित कला अकादमी. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, १९६१मध्ये, मंडी हाउसजवळ रवींद्र भवन बांधून झालं. वास्तुरचना हबीब रहमान यांची. तिथे या तिन्ही संस्था एका छपराखाली आल्या. गाणं, चित्र आणि शब्द यांना शेजारी नांदवणं ही कल्पनाच मला फार सुंदर वाटते.

साहित्य अकादमीचं उद्घाटन १२ मार्च १९५४ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात झालं. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ते पंतप्रधान म्हणून नव्हे, लेखक म्हणून त्या खुर्चीवर बसले होते. अकादमीच्या कामात पंतप्रधानांनी ढवळाढवळ केलेली अध्यक्ष म्हणून मला आवडणार नाही, अशा अर्थाचं ते एकदा स्पष्ट बोलले होते. पैसा सरकारचा आणि निर्णय लेखकांचे, हा या संस्थेचा पाया आहे.

त्या पायाची कसोटी २०१५मध्ये लागली. अकादमीचाच पुरस्कार मिळालेले कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्टला धारवाडमध्ये हत्या झाली. अकादमी गप्प का, असं विचारत तीसहून अधिक लेखकांनी आपले पुरस्कार परत केले. कार्यकारी मंडळाने निषेधाचा ठराव केला तो २३ ऑक्टोबरला. तो पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा होता, असं माझं मत आहे.

आपल्या वाटणीचं काही सांगायचं तर मराठीतला पहिला पुरस्कार १९५५चा. तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथासाठी मिळाला. पुढच्या वर्षी बा. सी. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य', १९५८मध्ये चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी'. कादंबरी-कवितेच्या आधी सांस्कृतिक इतिहास, सौंदर्यशास्त्र आणि एका नटाचं आत्मचरित्र! साहित्य या शब्दाचा पैस त्या परीक्षकांनी किती मोठा धरला होता, हे यावरून दिसतं. पुरस्काराचा ताम्रपट सत्यजित राय यांनी रेखाटलेला आहे.

पण पुरस्कार एका दिवसाचा. माझ्या मते अकादमीचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे: भाषेला बसायला जागा देणं. कोकणीचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे.

कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद गोव्यात आणि महाराष्ट्रात किती कडवटपणे लढला गेला, ते जुन्या पिढीला सांगायला नको. सभा झाल्या, घराघरांत माणसं दुरावली. राजकारण तापलेलं असताना अकादमीने हा प्रश्न भाषेच्या जाणकारांपुढे ठेवला. त्या वेळी अध्यक्ष होते सुनीतिकुमार चटर्जी, स्वतः मोठे भाषाशास्त्रज्ञ. २६ फेब्रुवारी १९७५ रोजी अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९७७मध्ये कोकणीतला पहिला पुरस्कार रवींद्र केळेकरांच्या 'हिमालयांत' या प्रवासवर्णनाला मिळाला. गोव्यात राजभाषा कायदा आला १९८७मध्ये. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणी गेली १९९२मध्ये. म्हणजे सरकारच्या सतरा वर्षं आधी लेखकांच्या संस्थेने तिला पाट मांडला होता. मराठी माणूस म्हणून मी मनापासून सांगतो, तो निर्णय बरोबर होता. त्याने मराठीचं काहीही कमी झालं नाही. शेजारच्या घराला घर म्हटल्याने आपल्या घराची एक खोली जात नाही.

आज अकादमी चोवीस भाषांत काम करते. त्यांतल्या इंग्रजी आणि राजस्थानी अनुसूचीत नाहीत, तरी इथे आहेत. या चोविसांच्या बाहेरच्या भाषांसाठी १९९६पासून भाषा सन्मान दिला जातो. तुळू, भोजपुरी, कोकबोरोक या भाषांच्या लेखकांची दखल पहिल्याच वर्षी घेतली गेली. आदिवासी भाषांतलं आणि मौखिक परंपरेतलं साहित्य गोळा करण्याचं काम बडोद्याहून गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालं. आपल्या गोंडी, भिली, कोरकू अजून चोविसांत नाहीत. ही उणीव मला टोचते.

दुसरं मोठं काम अनुवादाचं. गोव्यात साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी १९४०मध्ये मराठीत 'भगवान बुद्ध' लिहिलं. अकादमीने ते हिंदीत आणलं, मग इतर भाषांत आणि इंग्रजीत. एका गोवेकराचं मराठी पुस्तक अशा रीतीने देशभर गेलं. हे घडवण्यासाठी कचेरीत बसून प्रुफं तपासणारी, अनुवादक शोधणारी माणसं लागतात. प्रभाकर माचवे त्यांतले एक. ग्वाल्हेरला जन्मलेले, घरात मराठी, कवी म्हणून नाव हिंदीत, 'तारसप्तक' या संग्रहातल्या सात कवींपैकी एक. त्यांनी अकादमीत अनेक वर्षं काम केलं, पुढे सचिवही झाले. 'भारतीय साहित्याचे निर्माते'मधलं केशवसुतांवरचं इंग्रजी पुस्तक त्यांनीच लिहिलं. याच मालिकेत तुकारामांवर इंग्रजीत लिहिलं आहे भालचंद्र नेमाड्यांनी. तुकोबांची ओळख परक्या वाचकाला नेमाडे कसे करून देतात, हे वाचण्यासारखं आहे.

अनुवादाला स्वतंत्र पुरस्कार १९८९पासून सुरू झाला. मराठीत तो प्रथम उमा कुलकर्णींना मिळाला, भैरप्पांच्या 'वंशवृक्ष' या कन्नड कादंबरीच्या अनुवादासाठी. उमा कुलकर्णींनी आपल्या कामाची रीत स्वतःच सांगितली आहे. त्यांना कन्नड समजतं, पण लिपी वाचायची सवय नाही. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेपवर घेत आणि त्या ऐकत ऐकत मराठीत लिहून काढत. हे वाचलं तेव्हा मला तेच शिल्प आठवलं. एक सांगतो आहे, दुसरा टिपतो आहे.

अडचणही इथेच आहे. असं थेट भाषेतून भाषेत नेणारे अनुवादक फार थोडे. तमिळमधून किंवा मणिपुरीतून मराठीत यायचं तर पुस्तकाला बहुतेकदा हिंदी किंवा इंग्रजीचा पूल ओलांडावा लागतो आणि त्या वाटेवर मूळ लेखकाच्या बोलण्यातला ठसका गळून पडतो. आपल्या विद्यापीठांत मराठीच्या विद्यार्थ्याला दुसरी एखादी भारतीय भाषा नीट शिकायला मिळाली, तर पुढच्या वीस वर्षांत चित्र बदलेल.

आणि शेवटी पुस्तक वाचकाच्या हाती पडायला हवं. अकादमीचं प्रादेशिक कार्यालय मुंबईत दादरला आहे. मराठी, गुजराती, कोकणी आणि सिंधीचा कारभार तिथून चालतो. पण उदगीरचा किंवा दापोलीचा वाचक दर वेळी दादरला कसा येणार? महाराष्ट्रात गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. त्यांच्या कार्यकारिणीवर तुम्ही असाल किंवा नुसते सभासद असाल, तरी यंदाची खरेदीची यादी होताना एवढं करा: अकादमीची दहा पुस्तकं त्यात घालायला लावा, आणि त्यांतली निम्मी तरी अशा लेखकांची असू द्या, ज्यांचं नाव तुमच्या गावात आजवर कुणी ऐकलेलं नाही.