सहा ग्रॅमांचा फरक

‘स्कूटर ओरडते जास्त आणि पळते कमी’ अशी तक्रार घेऊन पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात जा. मेकॅनिक मुकाट्याने डावीकडचं कव्हर उघडतो आणि आधी बेल्ट, मग रोलर पाहतो. कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर उधळणाऱ्या ‘साइड-बाय-साइड’ गाड्यांचं दुखणंही पुष्कळदा तिथेच सापडतं. पोलारिसची आरझेडआर हे या जातीतलं गाजलेलं नाव. इंजिन शंभर-दोनशे अश्वशक्तीचं, पण ती ताकद चाकांकडे नेणारा दुवा म्हणजे एक रबरी पट्टा. डच कंपनी डाफने १९५८ मध्ये अशी बिनगिअरची मोटार लोकांसमोर आणली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडाने हाच पट्टा दारोदारी नेला.

पट्टा फिरवणाऱ्या या यंत्रणेला क्लच म्हणतात खरं, पण नेहमीच्या प्लेटवाल्या क्लचशी तिचं फारसं नातं नाही. दोन बशा बुडाला बूड लावून धरा. मधे जी खाच पडते, तिच्यात पट्टा बसतो. अशी एक जोडी इंजिनाकडे, दुसरी चाकांकडे. इंजिन जोरात फिरू लागलं की पहिल्या जोडीतली वजनं (स्कूटरमध्ये रोलर) बाहेर फेकली जातात, बशा जवळ ढकलतात आणि पट्टा वर सरकतो. स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. या ओढाताणीतूनच कितव्या आरपीएमला ‘गिअर’ बदलायचा, हे ठरतं.

म्हणून नवा क्लच घेताना ‘मजबूत कोणता?’ हा प्रश्न अर्धवट आहे. इंजिन आपली सर्वाधिक ताकद ज्या आरपीएमला देतं, तिथे त्याला कोण धरून ठेवेल, हे विचारायला हवं. केंद्रोत्सारी बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. साठ ग्रॅमच्या वजनांऐवजी चोपन्नची घातली, तर तेवढाच जोर मिळवायला ८,००० आरपीएमवरचं इंजिन ढोबळमानाने ८,४३० पर्यंत जातं. सहा ग्रॅम म्हणजे जेमतेम चमचाभर साखर!

ग्लॅमिसच्या वाळूत नीट जमलेला क्लच कोलोरॅडोच्या डोंगरात रुसतो. तिथली इमोजीन खिंड जवळपास ४,००० मीटरवर आहे आणि हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश इतकीच दाट. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही तिथे साधारण तेवढीच उरते. जुनी जड वजनं मात्र पट्टा लवकर वर ढकलतात आणि इंजिन गुदमरतं. अशा ठिकाणी हलकी वजनं लागतात.

टायरचं त्याहून अवघड, कारण तो हौसेचा मामला असतो. अठ्ठावीस इंची काढून बत्तीस इंची चढवले की गाडी रुबाबदार दिसते. पण व्यास १४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे तेवढ्याच ओढीसाठी पट्ट्यावरचा भारही तेवढाच वाढला. पट्टा घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. मग लोक क्लचला शिव्या घालतात.

इथे मागची, म्हणजे चाकांकडची, जोडी कामाला येते. तिच्यातली तिरपी खाच, म्हणजे हेलिक्स, चाकांवर भार पडला की पिळली जाते आणि पट्टा आणखी घट्ट आवळते. तिचा कोन जितका लहान, तितकी पकड जास्त आणि चढावर गाडी खालच्या गिअरला पटकन उतरते. मोठा कोन सपाटीवर वेगाने पळणाऱ्यांसाठी. मोठे टायर आणि खडकाळ चढ असतील, तर पुढचा महागडा क्लच बदलण्याआधी मी मागचा हेलिक्स आणि स्प्रिंग पाहीन.

आणि त्याच्याही आधी जुनंच उघडून पाहीन. बशांवर चरे पडलेत का? रोलर एका बाजूने चपटे झालेत का? बुश ढिले आहेत का? पट्टा एका जागी कमरेसारखा बारीक झाला असेल, तर ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर रेटल्याचा संशय घ्यायचा. जुना क्लच काढायला पुलर लागतोच. हातोडीने ठोकलं तर क्रँकशाफ्टचं टोक दुखावतं.

नवा बसवल्यावरही काम संपत नाही. पट्टा आधी थोडा वेळ नरमाईने चालवून मुरवायचा, मग मोकळ्या सपाट जागी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन आरपीएमचा काटा कुठे स्थिरावतो ते पाहायचं. आरपीएम कमी भरला, तर वजनातले बारीक स्क्रू काढायचे. जास्त भरला, तर घालायचे. मुरलेले ट्यूनर यासाठी सोनारासारखा ग्रॅमचा काटा जवळ ठेवतात.