नसलेली वादनशैली घडवताना

संगणकावरचे व्हायोलिन म्हणजे खऱ्या वादकांनी एकेक सूर निरनिराळ्या तऱ्हांनी वाजवून दिलेले ध्वनिमुद्रित नमुने. जी तऱ्हा मुद्रित झालेली नाही ती उरलेल्या नमुन्यांतून घडवता येते का? फरक सुराच्या जोरातल्या चढउताराचा असेल तर येते. ध्वनी उपजण्याच्या रीतीचा असेल तर नाही, असे माझे मत आहे. ठाशीव आघाताने सुरू होऊन लांबणारा सूर हवा असेल, तर तुटक नमुन्याची सुरुवात लांब सुरावर चढवावी आणि आघात विरताना खालचा सूर हलकेच वर येऊ द्यावा. दोन्ही गजाचेच, म्हणून सांधा खटकत नाही. म्यूट लावलेला सूर मधल्या जागेवर आहे: घोडीवरच्या वजनाने वरच्या कंप्रता दबतात, आणि फिल्टर त्याची बरीचशी नक्कल करतो. पण गजाच्या सुरातून पिझिकाटो, म्हणजे बोटाने छेडलेला सूर, निघत नाही. गज तारेला धरत-सोडत सतत ऊर्जा पुरवतो; छेडलेली तार मात्र लगेच विझू लागते. सूर कापून तोकडा केला तरी गजाची घासण उरतेच.

भरगच्च वाद्यवृंदात हे कोणाला कळणार, असा आक्षेप येतो. दाट भागांत तो खराही आहे. पण संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ सुरू होतो तो तारांवर गजाच्या लाकडाने दिलेल्या ठोक्यांनी. तिथे तो कोरडा खडखडाट हेच संगीत आहे. अशा वेळी एका खऱ्या व्हायोलिनवर साध्या मायक्रोफोनने घेतलेले चार ठोके नमुन्यांत मिसळावेत.