प्रकाश उधळणारा तारा

श्वार्त्सशिल्डनें १९१६ सालीं आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून ताऱ्याबाहेरील गुरुत्वाकर्षणाचें सूत्र काढलें. त्यांत ताऱ्याभोंवतीं निव्वळ पोकळी मानली होती. येथें चिकित्सक विद्यार्थी अडतो: सूर्य तर प्रकाशरूपानें दर सेकंदास सुमारें ४० लक्ष टन वस्तुमान उधळतो! त्याचा हिशेब कोठें?

१९४२ सालीं प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे, कोल्हापुरास जन्मलेल्या प्रा. विष्णु वासुदेव नारळीकरांपाशीं काशीस शिकावयास गेले आणि त्यांनीं ह्याच शंकेस हात घातला. वस्तुमान अचल न धरतां त्यांनीं तें प्रकाशाबरोबर बाहेर जाऊं दिलें. १९४३ सालीं उत्तर प्रसिद्ध झालें. त्याचा अर्थ मोठा गमतीचा आहे. ताऱ्यापासून निघालेला किरण जेथवर पोंचला, तेथवर ताऱ्याचें घटलेलें वस्तुमान जाणवतें. पलीकडे अजून जुनेंच. पृथ्वीवर जाणवणारी ओढ त्यामुळें आठ मिनिटांपूर्वींच्या सूर्याच्या वस्तुमानाची असते.