बाणाचा ण आणि आजीचं पानी

बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी तीस वर्षं हिशेब लिहितो आहे. भाषेचा अभ्यास हा रात्रीचा उद्योग. पदवी नाही, गुरू नाही. बालशिक्षणाकडे वळलो तो घरातल्या एका माणसाच्या गप्प बसण्यामुळे. दोन वर्षांपूर्वी नात बालवाडीत जाऊ लागली. पालकसभेत सांगण्यात आलं, घरी शुद्ध बोला, नाहीतर मुलांचं वाचन-लेखन बिघडतं. माझी आई ऐंशीच्या पुढची. रोज रात्री पणतीला ज्वारीच्या राखणीची, कोल्ह्याची गोष्ट सांगायची. त्या सभेनंतर ती थांबली. विचारलं तर म्हणाली, "माज्या त्वांडानं पोरगी बिगडंल, बाबा."

खरंच बिघडतं का?

आमच्या भागात पुष्कळ घरांत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'कोण'चं 'कोन'. रोजच्या मराठीत 'ण'नं सुरू होणारा शब्द नाही, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यात 'बाणाचा ण' येतो. घरी 'बान' ऐकणाऱ्या मुलाला त्यात 'न'च ऐकू येतो, आणि शेजारी 'नळाचा न' आहेच! मूल गोंधळलं तर दोष त्याच्या कानाचा की तक्त्याचा?

पण हीच अडचण प्रमाण बोलणाऱ्यांनाही आहे, फक्त ती कुणाला दिसत नाही. 'चाक' आणि 'चार' मोठ्यानं म्हणून पाहा. 'झाड' आणि 'झेंडा' म्हणा. अक्षर एक, उच्चार दोन. तरी 'चाक' वाचताना आपलं कुणाचं अडलं नाही, कारण चाक हा शब्द आधीच तोंडात होता. लिपी आणि बोलणं यांतलं अंतर मूल सहज पेलतं, मात्र शब्दांचा साठा भरलेला हवा. 'म', 'का' असं जुळवताना 'मका' उमटतो, कारण त्यानं कणीस भाजून खाल्लेलं असतं. 'यज्ञाचा य' पाहून त्याच्या मनात काय उमटणार? हा साठा भरतो गप्पांतून, गोष्टींतून, आणि आमच्या घरात तो भरणारं माणूसच गप्प केलं गेलं होतं.

या वाटेनं आधी गेलेली माणसं आपल्याकडचीच आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत काम केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथून 'अंगणवाडी' आली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि पुढे हा शब्द देशभर गेला. अंगण आत घ्यायचं आणि अंगणातली बोली बाहेर ठेवायची, हे मला तरी कळत नाही.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी तिथल्या बोलीचाच भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि मग मुलांना वाचायला शिकवलं. कमला निंबकर बालभवन १९८६ चं. वर्णमालेचा क्रम सोडून थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची, लगेच अर्थाचे शब्द करायचे, ही त्यांची रीत. मी वहीवर करून पाहिलं. अ ते ऊ ही सहा अक्षरं शिकून हाती लागतात आई आणि डोक्यातली ऊ. क, म, न, ल आणि काना घेतला तर काका, मामा, कान, नाक, काम, मान, माल, लाल, नाला, मका, कमान!

एका प्रश्नावर मी बरेच दिवस अडलो होतो. मूल 'पानी' म्हणालं तर कागदावर काय लिहायचं? आता मी 'पाणी' लिहितो आणि तिला 'पानी' वाचू देतो. पुस्तकं वाचून दाखवताना 'ण' तिच्या कानावर येतोच आहे. (हिशेबाच्या वहीत हा उदारपणा चालत नाही, ते वेगळं.)

हे सगळं आईला सांगितलं. तिला फारसं पटलं नाही. पण एका संध्याकाळी पोरगीच कागद घेऊन तिच्यापुढे बसली, कोल्ह्याची गोष्ट सांग म्हणाली, आणि मला म्हणाली, "आज्जी बोलंल तसं ल्ही." मी लिहीत गेलो. कोल्हा पाण्यापाशी आला तिथं तिनं कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं, "पानी."

आईनं विचारलं, "बराबर हाय का रं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. तशी ती पुढं सांगू लागली.